निळं झाकण

बापूजी गेले त्या दिवसापासून बीबी, माझी आई, माझ्याशी बोलत नव्हती. पाणी हवं असलं तरी चाचीकडे मागायची. मी शेजारी जाऊन बसले की तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर जायची आणि तिथेच राहायची. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. बापूजींच्या छातीत कळ आली तेव्हा दारातली गाडी सुरू झाली नाही, आणि ती गाडी मी निवडली होती.

गाडी अजून तिथेच होती. काळी, उंच, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब, पत्र्याच्या शेडखाली. त्या शेडच्या जागी आधी गोठा होता. गाडी यायची ठरल्यावर बापूजींनी म्हशी मागच्या उघड्यावर बांधल्या, गव्हाणी फोडल्या आणि जमिनीला सिमेंट केलं.

बीबी तेव्हा म्हणाली होती, "म्हशीच्या जागी उभी करताय, म्हणजे काहीतरी देत असेल."

"इज्जत देईल," बापूजी म्हणाले.

"बरं. डेअरीवाला इज्जतीला किती फॅट लावतो, विचारून ठेवा."

बापूजी त्यावर पोट धरून हसले होते. त्यांना बीबीचे टोमणे आवडायचे. ते ऐकायला मिळावेत म्हणून ते कधीकधी मुद्दाम वेडेपणा करतात असं मला वाटायचं.

पण ही गाडी काही गंमत नव्हती. पंजाबात, मोग्याच्या पुढे, आमच्या पट्ट्यातून नवा महामार्ग गेला आणि आमच्या शेताचा चांगला, कालव्याच्या पाण्याचा तुकडा त्याच्याखाली गेला. ज्याची ज्याची जमीन अशी गेली, त्याच्या त्याच्या दारात वर्षाच्या आत एक मोठी डिझेल गाडी आली. आपलं काही गेलं आहे हे लोकांना दिसू नये, म्हणून काहीतरी आलेलं दिसलं पाहिजे. बापूजी, सरदूल सिंग ढिल्लों, चार गावांत ज्यांचा शब्द मोडत नसत, तेही या बाबतीत इतर सगळ्यांसारखेच निघाले. ज्या रस्त्याने त्यांचं शेत खाल्लं, त्याच रस्त्यावरून त्यांना ताठ बसून जायचं होतं.

मी चंदीगढला कॉलेजात इतिहास शिकवते. लुधियान्याच्या शोरूममध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं, कारण माहितीपत्रकं इंग्रजीत होती. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ, नछत्तर चाचा. दोघेही कडक इस्त्रीचे पांढरे कुर्ते-पायजमे घालून, निळ्या पगड्या बांधून, मऊ सोफ्याच्या अगदी कडेला बसलेले. विकणारा तरुण टाय लावून त्यांना बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी दाखवत होता.

"काका, जमाना हिचा आहे."

"पेट्रोल बायकांच्या स्कूटीत घालतात," बापूजी म्हणाले. "ट्रॅक्टर कशावर चालतो? आम्हाला तेच दे."

मग त्याने डिझेलची दाखवली. दोन गाड्या शेवटपर्यंत उरल्या. सगळं गाव घेतं ती जपानी आणि ही जर्मन. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, घ्यायचीच असेल तर ही घ्या, आदळली तर हिच्यात माणूस वाचतो. माझं एवढंच म्हणणं होतं. त्या वाक्याचा पुढे इतक्या तोंडांनी इतका वापर झाला की आता ते माझं वाटत नाही.

जाताजाता त्या तरुणाने डिझेलच्या तोंडाशेजारचं छोटं निळं झाकण उघडून दाखवलं. यात वेगळं पाणी घालायचं, धूर साफ करायला. बाटलीत मिळतं. त्यात युरिया असतो.

चाचा मान मागे टाकून हसला. "युरिया? म्हणजे गव्हाला घालतो तो? भाऊ, ही गाडी पेरून ठेवू. बैसाखीला दोन होतील."

"सर, हा वेगळा असतो. शुद्ध."

"आमचा काय पाप करून आलाय?"

तो तरुणही हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावं लागतं.

गाडी आधी गुरुद्वाऱ्यात गेली, मग घरी आली. बीबीने उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीचं तेल ओतलं, चाचीने लाडू वाटले, कोणीतरी मागच्या बंपरला दृष्ट लागू नये म्हणून काळं परांदं, वेणीत माळतात तो गोंडा, बांधलं. चाचाचा मुलगा लख्खी याने मागच्या काचेवर आडनाव चिकटवून आणलं, एवढ्या मोठ्या अक्षरांत की मागचं दिसेना. सीटवरचं प्लास्टिक बापूजींनी शेवटपर्यंत काढू दिलं नाही. उन्हात ते अंगाला चिकटायचं, उठताना चर्रर्र आवाज व्हायचा. त्यांनी ड्रायव्हरची सीट खाली, पार तळापर्यंत नेली होती, कारण त्याशिवाय पगडी छताला लागत होती. त्या गाडीच्या छतात काचेची खिडकी होती, आभाळ पाहण्यासाठी. ज्या माणसाने सगळा जन्म आभाळाखाली काढला त्याची पगडी त्या खिडकीपायी तिरकी होत होती. तरी ते डेअरीपर्यंतसुद्धा गाडीने जात, कुर्ता बदलून.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती अंगणात उभी राहिली की आमचं घर तिचं सामान ठेवायची जागा वाटायचं.

आमच्याकडे अशी गाडी एकट्याची नसते. भाऊबंदांत लग्न निघालं की ती जाते, आणि नाही म्हणणं म्हणजे कायमचं तोंड फिरवणं. कार्तिकात चाचाच्या मुलीचं लग्न होतं. मिठाईचे डबे आणि पत्रिका वाटायला चाचा ती घेऊन गेला, मग शगुनाला, मग बस्ता बांधायला, मग वऱ्हाड आणायला. बापूजी स्वतः मोटारसायकलवर फिरत होते. लग्न झालं, मुलगी त्याच गाडीतून सासरी गेली, आणि गाडी परत आली. त्यानंतर बापूजींचा मला फोन आला.

"तुझी गाडी पिवळ्या अक्षरांत काहीतरी लिहिते आहे."

बिघडली की ती माझी व्हायची. त्यांनी फोटो पाठवला. निळ्या झाकणाचं पाणी योग्य नाही, अमुक अंतरानंतर इंजिन सुरू होणार नाही, असं लिहिलेलं होतं.

"ते पाणी संपलं असेल," मी म्हणाले.

"संपलं कसं? टाकी भरलेली आहे. नछत्तरनेच भरून आणली."

"मग आजच लुधियान्याला न्या. कंपनीत."

"पेरणी होऊ दे, पुत्तर. गहू कोणासाठी थांबत नाही."

गव्हाची पेरणी होत आली असताना एका सकाळी ते अंगणात खाली बसले. मग उठले, स्वतःच चालत गाडीपर्यंत गेले, स्टिअरिंगमागे बसले आणि सुरू करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बीबीला वाटलं, आता निघतील, म्हणून ती चादर घेऊन शेजारी चढली. मग तिच्या लक्षात आलं की ते नुसतं बटण दाबत आहेत. ती भिंतीपलीकडे चाचाच्या घरी धावली. चाचा आला, त्यानेही दाबलं. मग तो सरपंचांच्या जीपसाठी पळाला. जीप आली, त्यांना उचलून तीत घातलं, आणि महामार्गाला लागायच्या आत सगळं संपलं.

गाडी सुरू झाली असती तर ते वाचले असते का, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ते स्टिअरिंगमागे बसून बटण दाबत होते, एवढं मला पुरेसं आहे.

मी पोहोचले तोवर अंगणात सतरंजी अंथरली होती आणि पुरुष येऊन बसत होते. भोगापर्यंत, म्हणजे शेवटच्या पाठाच्या समाप्तीपर्यंत, हे रोज चालतं. माणसं येतात, हात जोडतात, खाली बसतात, थोडा वेळ कोणी बोलत नाही, मग घरचा एक जण कसं झालं ते सांगतो. आमच्या घरी आता तो एक जण म्हणजे चाचा होता. मी एकुलती. तो रोज, येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचा, आणि ते रोज थोडं वाढायचं.

"मी म्हणत होतो, जपानी घे. पण घरात शिकलेलं माणूस असलं की आपलं कोण ऐकतं."

"कॉम्प्युटर आहे नुसता. माणूस मरतोय आणि ती इंग्रजीत निबंध लिहितेय."

"हिनेच पसंत केली. ह्या रूपिंदरने. विचारा."

बायकांच्या घोळक्यात चाची तेच जरा गोड करून सांगायची. "पोरीचा काय दोष, बिचारीला कुठे ठाऊक होतं." बीबी ऐकायची. आणि भिंतीकडे पाहायची.

मी एकदा म्हणाले, "चाचाजी, कंपनीची ओढून नेणारी गाडी बोलावते. काय बिघडलंय ते तरी कळेल."

"कंपनीचा माणूस ह्या अंगणात पाय ठेवणार नाही," चाचा म्हणाला. "आले की पुरावा पुसतील. तुला पुस्तकातलं कळतं, पुत्तर, हे नाही कळत. भोग झाला की गाडी मी माझ्याकडे नेतो. वकील बघेल."

"वकील काय चालवून बघणार?"

"जीभ अगदी तुझ्या आईची आहे," तो हसून म्हणाला. "पण आता त्या जिभेचं कौतुक करणारा गेला."

त्याला ते कसं बोलायचं हे बरोबर माहीत होतं. दुसरी किल्ली कुठे असते, असं लख्खी त्याआधीच दोनदा विचारून गेला होता. आमच्याकडे भोगाच्या दिवशी वारसाला पगडी बांधतात. मुलगा नसला की पुतण्याला. पगडी बांधली की त्या घराच्या दारातलं सगळं त्याच्याकडे पाहायला लागतं. चाचा कापड घेऊन आला होता, तेही मी पाहिलं.

भोगाच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारच्या गावचे एक म्हातारे सरदार आले. ते जरा बहिरे होते, त्यामुळे चाचाला मोठ्याने बोलावं लागत होतं. मी चहाचे ग्लास घेऊन दारात आले होते.

"पण झालं काय त्या गाडीला?" म्हातारे म्हणाले. "नवी तर होती."

"लूट, तायाजी, लूट. डिझेल पाजा, आणि वर युरियाचं पाणी पाजा. आपलाच युरिया, बाटलीत भरून आपल्यालाच विकतात. आपण काय मूर्ख आहोत? मी म्हटलं, घरात गोण्या पडल्यात, त्यातला–"

त्याने मला पाहिलं.

"–त्यातला पैसा सगळा कंपनीच्या घशात. चोर आहेत सगळे."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. मी चहा दिला. चाचाने ग्लास घेताना माझ्याकडे पाहिलं नाही. गेल्या इतक्या दिवसांत तो माझ्याकडे न पाहता बोलला असं एकदाही झालं नव्हतं.

पुरुष उठून गुरुद्वाऱ्यात गेल्यावर मी शेडमध्ये गेले. आधी दार उघडून स्टिअरिंगमागे बसले. प्लास्टिक चर्रर्र वाजलं. सीट इतकी खाली होती की मला स्टिअरिंगच्या वरून समोरचं काही दिसेना, फक्त पत्रा. समोरच्या खाचेत त्यांचा वेलदोड्याचा डबा होता. मी तो उघडला नाही. खाली उतरून डिझेलचं तोंड उघडलं.

निळ्या झाकणाच्या भोवती पांढरा थर धरला होता, खारवलेल्या भिंतीवर धरतो तसा. मधूनमधून पिवळट, तेलकट. मी झाकण फिरवलं आणि वास आला. कडू, लसणीसारखा, घशात बसणारा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही हा वास सांगावा लागत नाही. सरकारी युरियाला कडुनिंबाचं तेल चोळलेलं असतं. लहानपणी पेरणीच्या दिवसांत बापूजींच्या हाताला जेवतानाही तो वास यायचा, आणि तो जावा म्हणून ते राखेने हात घासायचे.

कंपनीचं पाणी मी पाहिलं होतं. ते पाण्यासारखंच असतं, त्याला असा वास नसतो.

रागाच्या आधी मला त्यांचे हात आठवले, याचाच मला जास्त राग आला.

मी ओढणीच्या टोकाने तो थर पुसून घेतला आणि आत गेले. बीबी एकटी होती, उद्याच्या लंगरासाठी मसूर निवडत. मी ओढणीचं ते टोक तिच्यासमोर, परातीच्या कडेवर ठेवलं.

"गाडीच्या निळ्या झाकणाचं आहे," मी म्हणाले.

ती मसूर निवडत राहिली. मग तिचे हात थांबले. तिने टोक उचललं नाही, फक्त वाकली, आणि सरळ झाली.

"त्यात एक शुद्ध युरियाचं पाणी घालतात," मी सांगितलं. "शेतातला चालत नाही. शेतातला घातला की गाडी थोडे दिवस धावते, इशारा देते, आणि मग एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. ते बिघडणं नाही. तिला तसंच बनवलेलं असतं."

बीबीने बोलायला तोंड उघडलं ते माझ्यासाठी नव्हतं. परातीकडे बघून ती म्हणाली, "माझं पनीरचं फडकं."

मी खाली बसले.

"लग्नाच्या वेळी नछत्तरने मागून नेलं होतं. काहीतरी गाळायचंय म्हणाला. परत आलं ते कडू. धुतलं, उकळलं, उन्हात टाकलं. शेवटी जाळलं. मला वाटलं, हलवायाने रंग गाळला असेल."

तिने पुन्हा मसूर निवडायला घेतली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या सकाळी तो आला. यांना बाजूला सरकवून त्याने बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबलं नाही, लगेच जीपकडे पळाला. मी त्याला मनातून दुवा दिली होती. किती पटकन सुचलं म्हणून."

ती माझ्याकडे अजूनही पाहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी भोग पडला, अरदास म्हणजे शेवटची प्रार्थना झाली. तंबूत चारही गावांतली माणसं होती. श्रद्धांजलीला चाचाने माइक घेतला. भाऊ म्हणजे माझा बाप होता, म्हणाला. एका परदेशी कंपनीने आणि आपल्याच घरातल्या शहरी हौसेने त्याला मारलं, म्हणाला. त्याचा आवाज दाटून आला होता, आणि मला वाटतं तो खरा होता. तरीही मला त्याची कीव आली नाही. मग त्याने लख्खीला पुढे बसवलं आणि पगडीचं कापड उलगडायला घेतलं. एक टोक त्याच्या हातात, दुसरं धरायला एक नातेवाईक उठला.

बीबी बायकांच्या बाजूने उठली. ती कधी माइकजवळ गेली नव्हती, आणि आताही गेली नाही. उभी राहून बोलली.

"नछत्तरा, कापड घडी करून ठेव."

"भाभी, रीत आहे."

"आहे. पण आज कोणाला पगडी बांधायची नाही. मी आहे अजून." मग तिने ओढणीच्या गाठीतून किल्ली काढली. "तुला गाडी हवी होती ना. ही घे. आत्ताच ने. सगळ्यांच्या समोर देतेय, उद्या कोणी म्हणायला नको भावजयीने अडवली."

चाचा कापड हातात घेऊन उभा राहिला. "आत्ता कशाला, भाभी. नंतर–"

"नाही, आत्ता. आणि कोठारात युरियाची गोणी आहे, अर्धी. तीही घेऊन जा. गाडीला तुझ्याच हातची सवय आहे. फडकं मात्र तुझ्या घरचं वापर, माझं जळालं."

तंबूत सगळे शेतकरी होते. आधी कोणाला काही कळलं नाही, मग एकेकाला कळत गेलं. ते मला त्यांच्या मानांवरून दिसलं, पुढच्या रांगेपासून मागे. ते बहिरे म्हातारे शेजारच्याला विचारत होते, "काय म्हणाली?" आणि शेजारी त्यांच्या कानात सांगत होता, जरा जास्तच मोठ्याने.

"मला काय ठाऊक होतं," चाचा म्हणाला. माइक अजून चालू होता. "युरिया तो युरिया."

बीबी खाली बसली आणि तिने डोक्यावरची पांढरी ओढणी सारखी केली.

लंगर झाल्यावर लख्खी ट्रॅक्टर घेऊन आला. बापाने नको म्हटलं होतं की आण म्हटलं होतं, कोण जाणे. पण किल्ली सर्वांदेखत दिली गेली होती, आणि ती परत करायची तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने बंपरला साखळी बांधली. ती काळी गाडी शेडमधून उलटी निघाली, हळूहळू, मागच्या काचेवरचं आडनाव पुढे करून, परांदं धुळीत ओढत. मागच्या सीटवर युरियाची गोणी होती, प्लास्टिकवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. चाचा ट्रॅक्टरच्या शेजारून चालत होता, मान खाली घालून, जसा माणूस अंत्ययात्रेत चालतो. बापूजींच्या मागे तो असा चाललेला मला आठवत नाही. तेव्हा तो पुढे होता, लोकांना वाट करून देत.

मी वेलदोड्याचा डबा आधीच काढून घेतला होता.

बीबीने फाटक लावलं. शेडमधल्या सिमेंटवर चार चाकांचे डाग आणि एक कोरडा चौकोन राहिला होता. ती त्या चौकोनात जाऊन उभी राहिली, पत्र्याकडे पाहिलं, पायाने सिमेंट दाबून पाहिलं.

"घसरतील इथे," ती म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मऊ झालेला नव्हता. "तू जर्मनच का म्हणालीस?"

"आदळली तर माणूस वाचतो म्हणून."

तिने ते ऐकून घेतलं.

"माती टाकावी लागेल," ती म्हणाली. "टोपली आण. म्हशी आजच आत घेऊ."